पाइप मेला, तेल जिवंत आहे

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती खिशातच राहू द्या. आज मी पाण्यावर बोलणार आहे. पाणी म्हणजे नदी, चांदणं, प्रेयसीचे ओले केस, ते पाणी नव्हे. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत आणि त्यांच्या घरात चोवीस तास नळ आहे. मी हापशाच्या पाण्यावर बोलणार आहे.

आधी माझी लायकी सांगतो. मी मॅट्रिक. सायन्सला काठावर पास. गोदीत गोणी, पेटी, पिंप, जे येईल ते उचलतो. तेव्हा आज जे बोलेन ते कॉलेजात शिकलेलं नाही. ते मला एका बाटलीनं शिकवलं. त्या बाटलीची गोष्ट आधी ऐका.

माझी मावशी खाडीकडच्या एका वस्तीत राहते. वरच्या अंगाला टेकडी, खालच्या अंगाला खाडी, मधल्या उतारावर भराव टाकून केलेली जमीन. त्या जमिनीवर झोपड्या. झोपड्यांच्या मधून एक पाइप जातो. पूर्वी त्यातून बंदराकडून डेपोकडे तेल जायचं. मग कधीतरी जायचं थांबलं. कधी थांबलं ते वस्तीत कुणाला ठाऊक नाही. चालू करताना कुणी विचारलं नव्हतं, बंद करताना कुणी सांगितलं नाही. पाइप बराचसा जमिनीत आहे, थोडा वर आलाय. वरचा गंजून लाल झालाय. पोरं त्यावर बसून पत्ते कुटतात, बाया गोधड्या वाळत घालतात.

पाइप कुणाचा, असं विचारत आम्ही तीन ऑफिसं फिरलो. पहिलं म्हणालं दुसऱ्याचा. दुसरं म्हणालं तिसऱ्याचा. तिसरं म्हणालं, आमचा होता, आता नाही. चालू पाइपला मालक असतो, पहारेकरी असतो, ‘येथे खोदू नये’ अशी पाटी असते. मेलेल्या पाइपला कुणी वाली नसतो. बेवारस मढं म्युन्सिपालटी उचलून तरी नेते. बेवारस पाइपाचं तेही नाही.

वस्तीत नळ आहे. पहाटे येतो, पाऊण तास, तोही अर्ध्या गल्लीला. बाकी सगळं हापशावर. पाणी मचूळ आहे, त्याचं काही नाही, मचुळाची सवय होते. पण त्या पाण्याला रॉकेलचा वास येतो. मावशी सांगते, ‘‘चैत-वैशाखात लई येतो. हंड्यावर मोराच्या पिसासारखा रंग धरतो. पावसाळ्यात कमी व्हतं.’’ तिनं तिचा उपायही काढलाय. हंडा रात्रभर उघडा ठेवायचा, सकाळी वरचा थर ओंजळीनं काढायचा, खालचं फडक्यानं गाळायचं. चहा त्याच पाण्याचा. मी गेलो की माझ्यासाठी शेजारून नळाचा तांब्या मागून आणते. ते पाणी माझ्या घशात अडकतं.

अर्ज केले. एकदा एक साहेब आले. त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, ‘‘स्वच्छ तर दिसतंय.’’ मावशी म्हणाली, ‘‘मग प्या की साहेब.’’ साहेबांनी ग्लास खाली ठेवला. वहीत लिहिलं : वासाबाबत तक्रार, पाणी दिसण्यास स्वच्छ.

मी त्या ग्लासावर कविता लिहिली. दोन ठिकाणी वाचली. टाळ्या पडल्या. हापसा तसाच राहिला.

तेव्हा आम्ही चौघं पोरं पेटलो. म्हटलं, पुरावाच आणून टाकू तोंडावर. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली, हापशाखाली धरली, अर्धी भरली, बूच लावलं आणि भर उन्हात बस आणि लोकल करत एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाईंनी बाटली बघितली. हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाल्या, ‘‘यात काही सापडलं तर ते पाण्यातलं, प्लास्टिकमधलं की कोल्ड्रिंकचं, हे मी कोर्टात सांगू शकणार नाही. आणि जे सापडायला पाहिजे ते वाटेतच उडून गेलं असणार.’’

त्या दिवशी परत येताना आम्ही चौघं गप्प. आमचं नाक खरं बोलत होतं. आमची बाटली खोटी ठरली. आणि व्यवस्थेला एवढंच लागतं, दोस्तांनो. तुमची बाटली खोटी ठरली की तुमचं नाकही खोटं ठरतं.

मी पुन्हा त्या बाईंकडं गेलो. सुटीच्या दिवशी, दोन-तीनदा. त्यांनी कागदावर काढून समजावलं. मला गोदीच्या भाषेत जसं कळलं तसं सांगतो.

जमीन भरीव नसते. शेडमध्ये गोण्यांची थप्पी लावली की गोण्यांच्या मधे फटी राहतात, तशी मातीच्या कणांची थप्पी असते. खाली एका पातळीपासून पुढं त्या फटी पाण्यानं भरलेल्या असतात. ते भूजल. हापसा तेच ओढतो. आता वर पाइप गळला. तेल फटीफटीतून खाली उतरतं. जाताना थोडं कणांना चिकटून राहतं. उरलेलं पाण्यापर्यंत पोचतं आणि पाण्याहून हलकं म्हणून वर तरंगतं. हा झाला तरंगणारा थर. पण तेल म्हणजे एकच वस्तू नाही, ते शेकडो द्रव्यांचं मिश्रण असतं. त्यातली काही पाण्यात विरघळतात. त्यात बेन्झीन असतं. बेन्झीननं माणसाला रक्ताचा कॅन्सर होतो. हे कुणाचं मत नाही, जगानं मान्य केलेली गोष्ट आहे. विरघळलेलं बेन्झीन भूजलाच्या उताराबरोबर पुढं सरकत राहतं. ते दिसत नाही. मावशी ओंजळीनं जे काढून टाकते ते तेल. जे उरतं ते फडक्यातून आरपार जातं. तुरटीनं जात नाही, क्लोरीननं जात नाही. उकळलं तर वाफेबरोबर उडतं, पण उडून जातं कुठं? दहा बाय दहाच्या खोलीत. मग ते प्यायच्याऐवजी हुंगायचं.

आणि मावशीचं चैत-वैशाखाचं बोलणं? उन्हाळ्यात भूजलाची पातळी खाली जाते, मातीत अडकलेलं तेल सुटून खाली उतरतं, हापशाच्या भोकात तवंग वाढतो. पावसाळ्यात पातळी चढते आणि तेल मातीच्या फटीत पाण्याखाली कोंडलं जातं. तवंग कमी दिसतो. तेल कुठं गेलेलं नसतं. दर वर्षी वर-खाली होत ते मातीचा जाड पट्टा माखून टाकतं. पाइप बंद केला म्हणजे नवी गळती थांबली. जुनं गळलेलं तिथंच आहे आणि दर उन्हाळ्यात हजेरी लावतंय. माझी अंगठा लावणारी मावशी वर्षानुवर्षं जे सांगत होती ते शास्त्र होतं. तिला फक्त कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही.

पण मी तुम्हाला नुसतं नाकावर विसंबा असंही सांगणार नाही. तिथंच आपण फसतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, रंगीत तवंग दिसला म्हणजे दर वेळी तेलच असतं असं नाही. लोखंडावर जगणारे जंतू साचलेल्या पाण्यावर तसाच चकाकता पापुद्रा धरतात. काडीनं ढवळून बघा. पापुद्र्याचे काचेसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर तो जंतूंचा असण्याची शक्यता जास्त. तुटून पुन्हा एक झाला तर तेलाचा संशय घ्या. दोन, वास आला नाही म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे एका लिटरला बेन्झीन १० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातले दहा. माणसाच्या नाकाला बेन्झीनचा वास येईपर्यंत पाण्यातलं प्रमाण त्या मर्यादेच्या शेकडो पटींनी वर गेलेलं असू शकतं. म्हणून नाकानं आरडाओरड करायची, पण निकाल तपासणीनं द्यायचा.

तपासणी कशी असते? एका हापशाचं पाणी घेऊन भागत नाही. भूजल कुठल्या दिशेला वाहतं ते काढायला निदान तीन भोकं लागतात, एका रेषेत नाही, त्रिकोणात. तिन्हींत पाण्याची पातळी मोजायची, म्हणजे उतार कळतो. मग पाइपाच्या वरच्या अंगाला एक नमुना आणि खालच्या अंगाला बाकीचे. वरचा नमुना स्वच्छ आणि खालचा घाण निघाला, तर घाण मधेच कुठंतरी मिसळतेय. मातीचे नमुने वेगवेगळ्या खोलीवरचे घ्यायचे. नुसती वरची वीतभर माती उकरून ‘काही नाही’ म्हणणं म्हणजे मेलेल्याची नाडी बघण्याऐवजी त्याच्या सदऱ्याची इस्त्री बघण्यासारखं आहे. पाण्याचा नमुना काचेच्या लहान बाटलीत, काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता, बर्फात ठेवून न्यायचा. बरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही न्यायची, म्हणजे घाण वाटेत लागली की काय ते कळतं. कुणी घेतला, किती वाजता, कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, सगळं लिहायचं, सह्या घ्यायच्या. गोदीत एक पेटी हलली तरी चिठ्ठी फाटते. मग आपल्या पाण्याची चिठ्ठी का नको?

आणि यंत्र इतकं सांगू शकतं, की पाण्यात पेट्रोल आहे की डिझेल की कच्चं तेल. आपल्या देशात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. जुन्या पाइपाच्या खालच्या मातीत त्या पेट्रोलमधलं शिसं सापडलं, तर ती गळती त्याआधीची असल्याचा धागा हाती लागतो. म्हणजे माती तारीखसुद्धा सांगू शकते. विचारणारा पाहिजे.

त्या बाईंनीच मला एक अहवाल दाखवला. इंग्रजी, अडीचशेच्या वर पानं. रात्रपाळीनंतर मोबाइलवर, बाजूला डिक्शनरी घेऊन वाचला. तो आपल्या देशाचा नाही. नायजेरियातल्या ओगोनी लोकांच्या जमिनीचा आहे. नायजेरियाचं कच्चं तेल आपल्या देशातल्या रिफायनऱ्यांनीही विकत घेतलंय. तेव्हा त्या लोकांशी आपलं अगदीच नातं नाही असं समजू नका.

ओगोनीलँड म्हणजे साधारण एक हजार चौरस किलोमीटरचा मुलूख. १९५८ साली तिथं तेल लागलं. शेल कंपनीनं विहिरी खोदल्या, पाइप टाकले. तेल गेलं, पैसा गेला. लोकांच्या वाट्याला काळा चिखल आणि आगीचे भोंगे आले. लोकांनी चळवळ उभी केली. १९९० साली त्यांनी आपल्या हक्कांची सनद काढली. तिच्या पुढाऱ्यांतला एक होता केन सारो-विवा. लेखक, कवी. त्यानं एक कादंबरी लिहिली आणि तिच्या मुखपृष्ठावरच सांगून टाकलं की ही ‘सडक्या इंग्रजीत’ आहे. आपल्या भाषेला अशुद्ध म्हणणाऱ्यांना हे ऐकवा. १९९३ च्या ४ जानेवारीला लाखो ओगोनी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेलला तिथलं काम गुंडाळावं लागलं. आणि १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी राजवटीनं केन सारो-विवाला आणि त्याच्या आठ साथीदारांना फासावर चढवलं. ३० वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षानं त्या नऊ जणांना माफी जाहीर केली. मेलेल्यांना माफी! माफी कुणी कुणाची मागायची, हे तुम्हीच ठरवा.

कंपनी गेली तरी विहिरी, पाइप आणि गळलेलं तेल तिथंच राहिलं. मग संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं १४ महिने तपासणी केली. दोनशेच्या वर जागा पाहिल्या. पाइपलाइनच्या कडेनं १२२ किलोमीटर पालथे घातले. मातीत ७८० भोकं पाडली, पाण्यासाठी मुद्दाम १४२ विहिरी खोदल्या, चार हजारांवर नमुने तपासले, पाच हजारांवर लोकांचे दवाखान्यातले कागद वाचले. आणि लोकांच्या २६४ बैठका घेतल्या, त्यांना २३ हजारांवर माणसं आली. अहवाल ४ ऑगस्ट २०११ ला बाहेर आला.

त्यात निसिसिओकेन ओगाले नावाच्या गावाचं पान आहे. ते वाचताना मी उठून बसलो. ती माझ्या मावशीचीच वस्ती होती. गावाजवळून तिथल्या सरकारी तेल कंपनीची तयार माल नेणारी पाइपलाइन जाते. गावाच्या विहिरींना पुरवणाऱ्या भूजलावर ८ सेंटिमीटर तयार तेलाचा थर तरंगत होता. चार बोटांचा थर. तपासणी करणाऱ्यांना सांगण्यात आलं की हे सहा वर्षांहून जुन्या घटनेचं आहे. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात बेन्झीन सापडलं, आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून जास्त. लोकांना पाणी खराब आहे हे ठाऊक होतं. तरी ते त्या पाण्यानं अंघोळ करत होते, कपडे धूत होते, स्वयंपाक करत होते. का? दुसरं पाणी नव्हतं. वेडे म्हणून नव्हे, अडाणी म्हणून नव्हे. दुसरं पाणी नव्हतं.

अहवालातल्या आणखी दोन गोष्टी खिशात ठेवा. पहिली, ४९ ठिकाणी तेल ५ मीटर किंवा त्याहून खोल मातीत सापडलं. ५ मीटर म्हणजे सोळा फूट, दीड मजला. वरून हिरवं गवत दिसणाऱ्या जागाही खाली सडलेल्या निघाल्या. दुसरी, ‘इथं साफसफाई पूर्ण झाली’ असं शेलच्या कागदावर लिहिलेल्या १५ जागा त्यांनी पुन्हा तपासल्या. १० जागा कंपनीच्या स्वतःच्या मापानंसुद्धा घाण निघाल्या. ८ ठिकाणी घाण भूजलात उतरली होती. म्हणजे साफ झालं ते कागदावर.

आता तुम्ही म्हणाल, एवढा पुरावा, मग लगेच पाणी शुद्ध झालं असेल. नाही. अहवालानं सांगितलं होतं, सगळ्याच्या आधी खराब विहिरींवर खुणा करा, लोकांना सांगा, दुसरं पाणी द्या. सुरुवातीच्या पाच वर्षांसाठी शंभर कोटी डॉलरचा निधी मागितला होता. पूर्ण सुधारायला २५ ते ३० वर्षं लागतील असंही सांगितलं होतं. साफसफाईच्या कामाचा नारळ फुटला २०१६ च्या जूनमध्ये. जवळजवळ पाच वर्षांनी. ओगालेच्या लोकांनी शेलविरुद्ध गळतीचा दावा लंडनला नेला. दावा तिथं चालू शकतो, एवढं एक वाक्य मिळायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला, आणि तेही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढल्यावर. पुरावा म्हणजे पाणी नव्हे, दोस्तांनो. पुरावा म्हणजे भांडायला मिळालेली जागा. पण ती जागाच नसेल तर आपण हवेत ठोसे मारतो.

आफ्रिकेचं सोडा. २०१३ साली चेन्नईत, तोंडियारपेटला, लोकांच्या बोअरच्या पाण्यात तेल आलं. बंदराकडून डेपोकडे जाणारा भारत पेट्रोलियमचा जमिनीखालचा पाइप गळत होता. ते प्रकरण हरित लवादापुढं गेलं. बंदर, पाइप, डेपो, मधे वस्ती. चित्र तेच. तेल काढणारी बदलते, विकणारी बदलते, कधी परदेशी असते, कधी आपल्या सरकारची असते. पाइपावर झोपणारा तोच राहतो. बंगल्याखालून तेलाचा पाइप गेलेला तुम्ही कधी पाहिलाय?

आता अवघड गोष्ट सांगतो. ती लपवली तर मी तुमचा माणूस नाही.

हे सगळं शिकून मी मावशीकडं गेलो. छाती फुगवून. म्हटलं, आता नीट तपासणी करायची. मावशीनं चूल सारली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तुझ्या बाटलीत इख सापडलं, तर मानसं काय करत्याल? पाइप काढत्याल का आमाला काढत्याल?’’

माझ्याकडं उत्तर नव्हतं. कारण ती खरं बोलत होती. आपल्या शहरात गरिबाची जागा धोकादायक ठरली की धोका हलवत नाहीत, गरीब हलवतात. वस्तीतले अर्धे लोक मला म्हणाले, राहू दे, वासाचं पाणी परवडलं, पण रस्ता नको. एक म्हातारा म्हणाला, ‘‘तू कवितेत लिही, कवितेवरनं कुणाचं घर पडत नाही.’’ तो टोला होता का सल्ला, अजून कळलेलं नाही.

मग आम्ही ओगालेच्या अहवालातलं एक केलं. बैठका घेतल्या. पुढाऱ्यांच्या नाही, हापशावरच्या बायांच्या. चार संध्याकाळी. मी सगळं सांगितलं, मर्यादा, बेन्झीन, कॅन्सर, आणि घर जाण्याचा धोकासुद्धा. सांगितलं की निर्णय तुमचा, आम्ही चौघं फक्त हमाल. चौथ्या संध्याकाळी बायांनी ठरवलं : तपासणी होऊ द्या, पण मागणी एकटी नाही, जोडीनं जाईल. पाणी आधी, मग तपासणी, मग सफाई, आणि वस्तीच्या मर्जीशिवाय एक घर हलणार नाही. हा क्रम त्यांचा आहे. तो मी बदलणार नाही, तुम्हीही बदलू नका. बाहेरून आलेल्या शहाण्यांनी क्रम बदलला की चळवळ त्यांची होते आणि तोटा वस्तीचा होतो.

मग दुसऱ्यांदा नमुने घेतले. काचेच्या बाटल्या, बर्फाचा डबा, सह्या, सगळं. टेकडीकडच्या हापशात काही सापडलं नाही. मावशीच्या हापशात बेन्झीन सापडलं. कागद घेऊन ऑफिसात गेलो. ते म्हणाले, हा नमुना तुमचा, आमचा नाही. आम्ही म्हटलं, मग तुमचा घ्या, आमच्यासमोर घ्या. बऱ्याच खेपांनंतर तारीख मिळाली. येत्या रविवारी सकाळी नऊला ते येणार आहेत.

म्हणून मी आज इथं उभा आहे. मला त्या दिवशी तिथं माणसं हवीत. दगड मारायला नाही, घोषणा द्यायलाही नाही. बघायला. नमुना टेकडीकडच्या स्वच्छ हापशाचा घेऊन ते परत जाऊ नयेत म्हणून. बाटली काठोकाठ भरली का, बर्फ आहे का, लेबलावर जागा कुठली लिहिली, आमच्या सह्या झाल्या का, एवढं बघायला. शिकलेल्या पोरांनी वही आणावी. ज्यांच्या मोबाइलचा कॅमेरा बरा आहे त्यांनी तो आणावा.

आणि तुमच्या वस्तीतून असा पाइप जात असेल तर थांबू नका. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये, तीस दिवस. विचारा : पाइप कधी टाकला, कधी बंद केला? त्यातून काय वाहायचं? बंद करताना आतलं तेल काढलं का, धुतला का, तोंडं बुजवली का? किती वेळा फुटला, कुठं फुटला? माती-पाणी तपासलं का, किती खोल, आणि अहवाल कुठं आहे? जमीन आज कुणाच्या नावावर? २०२५ साली केंद्र सरकारनं दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत. जबाबदार कोण ते ठरवायचं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असं त्यात आहे. नियम कागदावर आहे. कागदावरचं जमिनीवर आणायला आपलीच पाठ लागते, हे मी हमाल म्हणून सांगतो.

१९२७ साली महाडला आपली माणसं तळ्यावर गेली, ओंजळ भरली आणि पाणी प्याली. भांडण होतं पाण्याला हात लावण्याचं. आज माझ्या मावशीला पाण्याला हात लावायला कुणी अडवत नाही. पाणी तिच्या दारात आहे. फक्त त्यात काय आहे ते तिला कुणी सांगत नाही. तेव्हा पाणी बंद होतं, आज पाण्याची माहिती बंद आहे.

खिशातली कविता रविवारी वाचीन. बाटल्यांवर सह्या झाल्यावर, हापशापाशी, बायांसमोर. त्या बऱ्या म्हणाल्या तर छापायला देईन.

जयभीम.